बारावीनंतर सिकलसेल बरा होतो का? मा. कुलपतींना खुले पत्र

प्रति,
मा. राज्यपाल, महाराष्ट्र राज्य
तथा कुलपती, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ

महोदय,


हे पत्र कुलगुरूंना लिहावे, जिल्हाधिकाऱ्यांना लिहावे की समाजकल्याण कार्यालयाला, याचा बराच विचार केला. यातल्या प्रत्येकाला ‘हे आमच्या कक्षेत येत नाही’ असे म्हणायची सोय आहे आणि ती सोय कशी वापरली जाते हे शिक्षकाच्या नोकरीत पुरेसे पाहून झाले आहे. आपल्याला ती सोय नाही. राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती आपण आहात. शिवाय राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीने अनुसूचित क्षेत्राच्या कारभाराचा अहवाल दरवर्षी राष्ट्रपतींना पाठवायचे काम ज्या पदावर सोपवले आहे, ते पदही आपलेच. नंदुरबार जिल्ह्यातले नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) हे चार तालुके अख्खे त्या क्षेत्रात येतात, शहादा आणि नंदुरबार तालुक्यांतली काही गावेही येतात. धडगावकडच्या पाड्यावरून पदवीच्या वर्गात येऊन बसणारी मुलगी अशी दोन्हीकडून आपल्याच जबाबदारीत आहे. ती दिव्यांग असेल तर पुढे तिचे काय होते, हे विचारण्यासाठी हा कागद.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा मी आपल्याला सांगायला नको. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्या कायद्यात ते २१ झाले. त्यांत स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली आणि रक्ताचे तीन विकारही आले: हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल. यातला शेवटचा शब्द आमच्याकडे शेळ्या राखणाऱ्या म्हातारीलाही ठाऊक आहे. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांत बहुतेकांच्या नात्यागोत्यात कुणी ना कुणी सिकलसेलचे कार्ड बाळगून असतो. १ जुलै २०२३ रोजी पंतप्रधानांनी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा असे ठरले. (योगायोग असा की त्याच तारखेला नंदुरबार जिल्हा २५ वर्षांचा झाला. १ जुलै १९९८ ला आम्ही धुळ्यातून वेगळे झालो.) शाळाशाळांतून बोटे टोचून तपासण्या झाल्या, कार्डे वाटली गेली. अशी कार्डे असलेली मुले आता एफवायला, एसवायला आहेत. महाविद्यालयाच्या दप्तरी मात्र ती धडधाकट आहेत. हात आहेत, पाय आहेत, डोळे आहेत, मग अपंगत्व कुठले?

अपंगत्व कुठले ते सांगतो. सिकलसेलमध्ये तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. थंडी, अतिश्रम, ताप किंवा अंगातले पाणी कमी होणे यांपैकी काहीही निमित्त पुरते आणि हाडांतून कळा सुरू होतात. काहींचा खुब्याचा सांधा तरुणपणीच झिजतो. मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून रुग्णाने सतत पाणी प्यायचे असते आणि त्याला वरचेवर लघवीलाही जावे लागते. हे सगळे घेऊन तीन तासांच्या पेपरला बसायचे म्हणजे काय, हे कुठल्या परीक्षा मंडळाने कधी विचारात घेतले आहे का?

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी गेल्या हिवाळ्यात पदवीच्या परीक्षेला बसली. महाविद्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण एकाला नोटीस जाईल आणि बाकीचे मोकळे सुटतील. तिची बैठक व्यवस्था दुसऱ्या मजल्यावर होती. पाण्याची बाटली पिशव्यांबरोबर वर्गाबाहेर ठेवायला लावली. पहिला तास बाहेर सोडायचे नाही, हा नियम. पर्यवेक्षिका काही दुष्ट नव्हत्या, ‘बेटा, वरून सूचना आहे’ असे त्यांनी दोनदा सांगितले. दुसऱ्या पेपरला मुलीने स्वतःच तोड काढली: सकाळपासून पाणी प्यायचेच नाही, म्हणजे उठायला लागणार नाही. त्या संध्याकाळी ती दवाखान्यात होती. पुढचे दोन पेपर गेले, निकालावर एटीकेटी लागली. वर्गात कुणाला तिच्या आजाराचा पत्ता नव्हता, कारण तिने तो लावून घेऊ दिला नव्हता. सिकलसेलची बातमी गावात पसरली की लग्नाची बोलणी थांबतात, हे आपल्याला कुणी सांगितले नसेल तर मी सांगतो. चारचौघांत ऑफिसच्या खिडकीवर उभे राहून ‘मला सिकलसेल आहे’ असे सांगायला लावणारी व्यवस्था त्या मुलीला मदत देऊ करते की तिच्याकडून किंमत वसूल करते?

आता मूळ प्रश्न. दहावी-बारावीच्या परीक्षेत सिकलसेलच्या विद्यार्थ्याला ताशी २० मिनिटे जादा वेळ मिळतो. ही सवलत शासनाचीच. मग तोच विद्यार्थी जूनमध्ये पदवीला आला की ती २० मिनिटे कुठे जातात? बारावीनंतर सिकलसेल बरा होतो का? पदवी परीक्षेत या विद्यार्थ्यांना जादा वेळ, तळमजल्यावर जागा, बाकावर पाणी आणि विचारावे न लागता स्वच्छतागृह द्यावे, असे स्पष्ट परिपत्रक असेल तर ते केंद्रप्रमुखाच्या टेबलावर दिसत का नाही? आणि नसेल तर कायदा लागू होऊन इतकी वर्षे कशात गेली? हजेरीचेही तेच. ७५ टक्क्यांची अट मला मान्य आहे. पण कळा उठल्या की आठवडा जातो. त्यात नव्या शैक्षणिक धोरणाने इंटर्नलचे वजन वाढवले आणि फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी (प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण) यांनाही क्रेडिट लावले. म्हणजे बुडालेला प्रत्येक आठवडा आता थेट गुणपत्रिकेत उतरणार. हे धोरण राबवताना दुखणाईत मुलाचा विचार एका बैठकीत तरी झाला का?

उत्तर म्हणून आम्हाला एकच शब्द ऐकवला जातो: ‘प्रमाणपत्र’. चाळीस टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणा. ज्या दिवशी कळा येतात त्या दिवशी हे पोर अंथरुणात तळमळत असते, जिल्हा रुग्णालयात बोर्डापुढे उभे राहते त्या दिवशी चालते-बोलते असते. टक्का कोणत्या दिवसाचा मोजायचा? धडगावहून नंदुरबारला यायचे म्हणजे चांदसैली घाट उतरायचा. पावसाळ्यात दरड कोसळली की तोही बंद. आधी ऑनलाइन नोंदणी, मग तारीख, मग तपासणी आणि मग यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राची वाट. वास्तविक परीक्षेतल्या सवलतीसाठी चाळीस टक्क्यांवर अडून बसता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार खटल्यात सांगितले आहे. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येत आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाने त्याला लेखनिक नाकारला होता. वाजवी सोय करून देणे हे संस्थेचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्राने चाळीस टक्क्यांखालच्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्यांसाठी वेगळ्या सूचनाही काढल्या. दिल्लीहून निघालेला कागद जळगावला विद्यापीठात पोचतो आणि जळगावहून अक्कलकुव्याला येईपर्यंत कुठल्या टपालात अडकतो, याचा शोध आपण घ्याल का?

लेखनिकाचे तर वेगळेच. मुले त्याला ‘रायटर’ म्हणतात. २९ ऑगस्ट २०१८ च्या केंद्रीय सूचनांनुसार रायटर स्वतः आणायचा की परीक्षा घेणाऱ्याकडे मागायचा, हे विद्यार्थ्याने ठरवायचे. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने जिल्हापातळीवर रायटरांची यादी करावी, परीक्षेआधी दोन दिवस दोघांची भेट होऊ द्यावी, हेही त्यातच आहे. नंदुरबार जिल्ह्याची अशी यादी आहे का? असल्यास ती कुणाला पाहायला मिळते? मी पाहतो ते असे की दृष्टिहीन मुलाचा बाप परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वसतिगृहांच्या दारोदार फिरत असतो. स्वतः आणलेला रायटर एक पायरी खालच्या शिक्षणाचा हवा, आणि खालच्या वर्गातल्या पोराची स्वतःची परीक्षा त्याच दिवसांत असते. मिळालाच कुणी तर त्याचे ओळखपत्र, गुणपत्रिका, बोनाफाईड, फोटो, प्राचार्यांची सही. एवढी धावपळ करून पोरगा पेपरला बसतो तेव्हा अभ्यास निम्मा विसरलेला असतो.

आपल्या विद्यापीठाला २०१८ साली ज्यांचे नाव दिले त्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. असोद्याच्या त्या माउलीला शेतात, घरकामात गाणी सुचत गेली आणि कागदावर उतरवली ती दुसऱ्यांनी, मुलगा सोपानदेव आणि एका नातलगाने. १९५१ ला बहिणाबाई गेल्या, नंतर आचार्य अत्र्यांच्या हाती वही पडली आणि १९५२ ला पुस्तक आले. आज त्या आपल्याच विद्यापीठाच्या परीक्षेला बसल्या असत्या तर रायटरसाठी त्यांना किती कागद जोडावे लागले असते, हे एखाद्या पदवीदान समारंभात आपण कुलगुरूंना विचारावे, अशी माझी फार इच्छा आहे.

अध्ययन अक्षमतेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हे मी आयुष्यभर फळ्याजवळून पाहिले आहे. पावरी किंवा भिलोरी बोलत वाढलेले मूल आश्रमशाळेत येते आणि मराठी वाचायला लागते. अक्षरे उलटसुलट दिसतात, ओळ सुटते, लिहिताना जोडाक्षर कोसळते. पहिली दोन वर्षे सगळे म्हणतात, भाषा नवीन आहे, येईल. मग म्हणतात, लक्ष नाही. आठवीपर्यंत ‘डोक्यात शिरत नाही’ हा शिक्का पक्का होतो. शहरातल्या मुलाच्या बाबतीत डिस्लेक्सिया हा शब्द कुणीतरी उच्चारतो, आई सुट्टी काढून सायन रुग्णालयाच्या रांगेत उभी राहते आणि कागद घेऊन येते. आमच्या मुलाची अडचण भाषेची की वाचनाची, हे वेगळे करून पाहण्याचे साधनच आमच्याकडे नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डिस्लेक्सियाची भारतीय चाचणी तयार केली ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. मराठीत झाली याचा आनंदच आहे. पण ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार दहातले जवळपास सात लोक आदिवासी आहेत, तिथे घरात मराठी न बोलणाऱ्या मुलाला मराठीच्या चाचणीत बसवून काय मोजणार?

शिवाय जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने ठरवून दिले की अध्ययन अक्षमतेची तपासणी आठ वर्षांनंतर, पुन्हा चौदाव्या वर्षी आणि पुन्हा अठराव्या वर्षी करायची, अठराव्याचे प्रमाणपत्र कायमचे. अठराव्या वर्षी मूल कुठे असते? पदवीच्या पहिल्या वर्षाला, आपल्या विद्यापीठात. तेव्हा सरळ विचारतो: नंदुरबार जिल्ह्यातल्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने ही तपासणी कुठल्या इमारतीत, कुठल्या वारी, कुणाकडे करून घ्यायची? याचे उत्तर एका ओळीत देता येईल. ती ओळ प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लागायला किती खर्च येईल?

एडीएचडी तर त्या २१ प्रकारांच्या यादीत स्वतःच्या नावाने आलेलाच नाही. स्वमग्नता आहे, पण आमच्याकडे ती ‘अबोल आहे’, ‘विचित्र वागतो’ एवढ्यावर निभावली जाते, आणि तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही म्हणून गुण कापले जातात. प्राध्यापकांना यासाठी कुठल्या उजळणी वर्गात काही शिकवले जाते का, हे जाणून घ्यायला आवडेल.

इमारतींचे सांगून आपला वेळ घेत नाही, कारण ते डोळ्यांना दिसते. नॅकच्या सातव्या निकषात दिव्यांगस्नेही परिसराचे गुण असतात आणि त्यासाठी जिओटॅग केलेले फोटो जोडायचे असतात. त्यामुळे टीम यायच्या आधीच्या महिन्यात रॅम्पचे सिमेंट ओले असते. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. मी पाहिलेला रॅम्प दोन फुटांच्या जोत्याला सहा फुटांत नेऊन भिडवलेला आहे. चाकाची खुर्ची त्यावरून वर ढकलायला दोन माणसे लागतात आणि खाली येताना देव लागतो. टीम गेली की तिथे मोटारसायकली लागतात. फोटो मात्र अहवालात कायम.

हे काही आज उघडकीला आलेले नाही. सुगम्य भारत अभियान ३ डिसेंबर २०१५ ला सुरू झाले. दिव्यांग हक्क कायद्याचे नियम जून २०१७ मध्ये निघाले आणि जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षे दिली गेली, ती जून २०२२ मध्ये संपली. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याच वर्षी उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आणली. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की सुगम्यतेचे नियम शिफारशीच्या भाषेत ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, आणि त्यासाठी केंद्राला तीन महिने दिले. महाराष्ट्राने तर दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला, देशात पहिला म्हणून त्याचे कौतुकही झाले. एवढ्या तारखा उलटून गेल्यावर आम्ही पुढच्या कोणत्या तारखेवर विश्वास ठेवावा?

सिमेंटही न लागणारी एक गोष्ट सांगतो. दृष्टिहीन विद्यार्थी मोबाईलवर किंवा संगणकावर स्क्रीन रीडरने वाचतात. नोट्स आणि सूचना श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या असल्या, किंवा कागदाचा वाकडा फोटो काढून पीडीएफ म्हणून व्हॉट्सॲप गटावर टाकलेला असला, की स्क्रीन रीडर एक तर गप्प बसतो नाहीतर भलतीच अक्षरे बडबडतो. युनिकोडमध्ये टाइप करायला दमडी लागत नाही. एवढेही होत नसेल तर मग निधी नाही हे कारण तरी पुढे करू नये.

प्राचार्यांना विचारले की ठरलेले उत्तर मिळते: ‘आमच्याकडे असे विद्यार्थीच नाहीत, अर्जच येत नाहीत.’ कायद्याच्या ३२ व्या कलमाने शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२१-२२ साली देशभरातल्या सव्वाचार कोटींहून अधिक विद्यार्थ्यांत दिव्यांग निघाले ८८,७४८. हजारात दोन. शेकड्याला पाच जागा आणि हजाराला दोन माणसे, हा हिशोब आपल्यासमोर कधी आला असेल तर आपण कुणाला काय विचारले? अर्ज येत नाहीत, कारण अर्जात सिकलसेलसाठी रकाना नाही, असला तर तो कुणी समजावून सांगत नाही, आणि सांगितले तरी गुप्तता राखली जाईल असे कुणी म्हणत नाही. कायद्याने ‘विद्यार्थी मागेल तेव्हा बघू’ असे कुठेही म्हटलेले नाही. सोळाव्या कलमात वाजवी सोयीबद्दल जे आहे ते संस्थेने करायचे आहे, आधी, न मागता. समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेने जाहीर करायचे आहे. आमच्या जिल्ह्यातल्या किती महाविद्यालयांनी ते केले, ही माहिती मागवायला आपल्या सचिवालयातून एक पत्र पुरे.

१५ ऑगस्ट १९९० ला पुणे विद्यापीठातून वेगळे होऊन उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले, तेव्हा आम्हाला सांगितले गेले की पुणे लांब पडते, आता विद्यापीठ आपल्या दारात येईल. दार जळगावला उघडले. तक्रार घेऊन मोलगीच्या विद्यार्थ्याने आजही तिथवर जायचे म्हटले तर दोन दिवसांची मजुरी आणि एका मुक्कामाची सोय लागते. ज्याला कळा येतात किंवा दिसत नाही, त्याला सोबत आणखी एक माणूस लागतो, त्याचीही मजुरी बुडते. म्हणून तक्रार ऐकणारा अधिकारी नंदुरबारला बसवा, महिन्यातून दोन वार ठरवून द्या आणि त्याला जागेवर निर्णय घेण्याचा अधिकार द्या. पुढे पाठवतो म्हणणारा माणूस आमच्याकडे आधीच भरपूर आहे.

हिवाळी परीक्षा थंडीतच येणार आहे. त्याआधी सिकलसेलच्या विद्यार्थ्यांसाठी जादा वेळेचे, पाण्याचे, तळमजल्याचे आणि हजेरीचे परिपत्रक केंद्रप्रमुखांच्या हातात पडेल का? रायटरांची जिल्हा यादी जाहीर होईल का? अठराव्या वर्षीच्या तपासणीचे ठिकाण कळेल का? आणि अनुसूचित क्षेत्राचा जो अहवाल आपल्या सहीने राष्ट्रपतींकडे जातो, त्यात महाविद्यालयात शिकणाऱ्या दिव्यांग आदिवासी मुलांबद्दल आजवर काही लिहिले गेले आहे का? लिहिले असेल तर त्या ओळी वाचायला मिळाव्यात. नसेल तर या वर्षीच्या अहवालात काय लिहिणार आहात, ते कळवावे.

‘आपले पत्र प्राप्त झाले असून ते पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे’ असे उत्तर कृपया पाठवू नये. संबंधित विभाग आपणच आहात, म्हणून तर आपल्याला लिहिले. उत्तर मराठीत, हो किंवा नाही असे, तारीख घालून द्यावे.

आपला,
तळोदा तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक